किंमत तीच, माल कमी : पाकिटे लहान का होतात आणि ते ओळखायचे कसे

प्रश्न असा आहे की, किराणा मालाची पाकिटे हळूहळू लहान होत असताना त्यांची किंमत मात्र तीच राहते, हे कायद्याला धरून आहे का, कंपन्या सरळ किंमत न वाढवता असे का करतात, आणि साध्या ग्राहकाने ते ओळखायचे कसे. आवेष्टित वस्तूंची भरणी आणि किंमत-आखणी या दोन्ही बाजूंनी मी बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारे हे उत्तर देत आहे.

थोडक्यात सांगायचे तर, लेबलवर छापलेले निव्वळ वजन खरे असेल तर बहुतेक देशांत यात बेकायदेशीर काही नाही, आणि ते ओळखण्याचे भरवशाचे साधन पाकिटाची किंमत नसून किलोमागचा किंवा लिटरमागचा दर हे आहे. मात्र त्याआधी एक समज दूर करणे मला आवश्यक वाटते. माल थोडा कमी करणे हा किंमतवाढीचाच एक सौम्य प्रकार आहे, दोन्हींचा परिणाम शेवटी सारखाच, असे ग्राहकही मानतात आणि कंपन्याही तसेच सांगतात. हिशेब मांडून पाहिला तर तसे आढळत नाही. कंपनीची तेवढीच तूट भरून काढायची असली, तरी आकार घटवण्याचा मार्ग ग्राहकाला उघड किंमतवाढीपेक्षा महाग पडतो.

आधी साधा हिशेब पाहू. किंमत तीच ठेवून माल १० टक्के कमी केला तर दर १० टक्क्यांनी नव्हे, ११.१ टक्क्यांनी वाढतो. २० टक्के कमी केला तर वाढ २५ टक्के होते, आणि २५ टक्के कमी केला तर ती ३३.३ टक्क्यांवर जाते. ही घट टप्प्याटप्प्याने झाली की दरवाढीचा आकडा आणखी फसवा होतो. १००० ग्रॅमचे ९०० आणि काही काळाने ९०० चे ८०० झाले, तर प्रत्येक वेळी ‘फक्त शंभर ग्रॅम’ गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात दर एक चतुर्थांशाने वाढलेला असतो.

आता कंपनीच्या बाजूने पाहू. समजा, एका पाकिटाची किंमत १०० आहे. चलन कोणतेही धरावे. त्यातले ४० आतल्या कच्च्या मालाचे आहेत आणि उरलेले ६० वेष्टन, भरणी, वाहतूक, गोदाम, जाहिरात, विक्रेत्याचा वाटा आणि नफा यांचे आहेत. कच्चा माल २५ टक्क्यांनी महागला, म्हणजे ४० चे ५० झाले. कंपनीने उघडपणे किंमत ११० केली तर तिला पाकिटामागे पूर्वीइतकेच पैसे उरतात आणि ग्राहकाचा दर १० टक्क्यांनी वाढतो. तिने किंमत १०० वरच ठेवली आणि सगळी तूट माल कमी करून भरायची ठरवली, तर तिला आतला माल २० टक्के कमी करावा लागतो, तेव्हा कुठे ५० चा खर्च पुन्हा ४० वर येतो. या दुसऱ्या मार्गात ग्राहकाचा दर २५ टक्क्यांनी वाढतो. याचे कारण असे की, माल कमी केल्याने फक्त मालाचा खर्च वाचतो; पाकीट, ते भरणाऱ्या यंत्राचा वेळ, ते वाहून नेण्याचा आणि फळीवर मांडण्याचा खर्च जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे आकार घटवून तूट भरायची झाली, तर कच्चा माल जितक्या टक्क्यांनी महागतो तितक्याच टक्क्यांनी ग्राहकाचा दर वाढतो, मग त्या मालाचा पाकिटाच्या किमतीतला वाटा कितीही लहान असो. ज्या वस्तूत आतल्या मालापेक्षा वेष्टन आणि जाहिरातच महाग असते, तिथे ही तफावत सर्वांत मोठी असते.

हे उदाहरण अर्थातच ढोबळ आहे. व्यवहारात थोडी किंमतवाढ, थोडी वजनघट आणि थोडा सोसलेला तोटा असे मिश्रण असते, आणि विक्रेत्याचा वाटा बहुधा किमतीच्या टक्केवारीत ठरत असल्याने आकडे थोडे इकडेतिकडे होतात. तरीही निष्कर्षाची दिशा बदलत नाही. जास्तीचे पैसे जातात कुठे, असा प्रश्न येथे पडेल. ग्राहकाला घरी तेवढाच माल लागत असेल तर त्याला पूर्वीच्या चार पाकिटांऐवजी पाच घ्यावी लागतात. पाचव्या पाकिटाचे वेष्टन आणि वाहतूक त्यानेच सोसायची असते, आणि त्या पाकिटावरचा नफा कंपनीला पुन्हा मिळतो. लहान पाकीट पर्यावरणाच्या हिताचे आहे असा दावा कधी दिसला तर तोही याच हिशेबात तपासावा, कारण किलोमागे लागणारे वेष्टन पाकीट लहान होताना बहुतेक वेळा वाढते.

मग ग्राहकाला इतका महाग पडणारा मार्ग कंपन्या का निवडतात? पहिले कारण असे की, किमतीचा आकडा लोकांच्या लक्षात राहतो, वजनाचा राहत नाही. किंमत वाढली की विक्री लगेच घसरते. वजन घटले की ती घसरतेच असे नाही, आणि घसरली तरी कमी घसरते. दुसरे कारण बाहेरच्यांना फारसे दिसत नाही. मोठ्या किरकोळ साखळ्यांशी होणाऱ्या वाटाघाटींत किंमतवाढीचा प्रस्ताव म्हणजे महिनोन्महिने चालणारा वाद असतो, तर त्याच किमतीतले कमी वजनाचे पाकीट पुष्कळदा फारशा चर्चेविना फळीवर पोहोचते, कारण विक्रेत्यालाही आपल्या दुकानातला किमतीचा आकडा शेजारच्या दुकानापेक्षा वर गेलेला नको असतो. तिसरे कारण निव्वळ यांत्रिक आहे. मऊ पिशवीत माल भरणाऱ्या यंत्रावर वजन बदलणे हे पडद्यावरचा एक आकडा बदलण्याइतके सोपे असते. पिशवीची लांबी तीच ठेवून त्यात थोडे कमी भरता येते. काचेच्या बरणीचा किंवा प्लास्टिकच्या बाटलीचा आकार बदलायचा म्हणजे नवे साचे लागतात, झाकण आणि लेबल यांचा मेळ पुन्हा जुळवावा लागतो आणि त्यात मोठी रक्कम अडकते. त्यामुळे पिशव्यांतला माल लवकर आणि वारंवार घटतो. बरण्या-बाटल्यांत बदल क्वचित होतो, पण झाला की एकदम मोठा होतो.

एका बाबतीत मात्र कंपन्यांची बाजू मला पटते. हातात ठरावीक रोकड घेऊन रोजच्या रोज खरेदी करणाऱ्याला तीच किंमत कायम राहणे खरोखर सोयीचे असते, आणि तिथे लहान पाकीट नसते तर ती वस्तू त्याला घेताच आली नसती. परंतु हे समर्थन लहान आकाराचे पाकीट जादा उपलब्ध करून देण्याला लागू पडते. मोठे पाकीट गुपचूप लहान करण्याला नाही.

ही घट लपते कशी, हा माझ्या मते या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट हाइनरिश वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने दाखवले की, दोन वजनांतला फरक जाणवतो तो त्याच्या मूळ वजनाशी असलेल्या प्रमाणावर. छोट्या वजनात थोडासा फरकही हाताला कळतो. मोठ्या वजनात तेवढाच फरक कळत नाही. वजनघटीचे टप्पे लहान ठेवले जातात ते यामुळेच. आकाराच्या बाबतीत डोळा आणखी कच्चा आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी फक्त १० टक्क्यांनी कमी केली तर घनफळ २७.१ टक्क्यांनी घटते, पण पाहणाऱ्याला खोका ‘किंचित लहान’ वाटतो एवढेच. त्याहून सोपी युक्ती म्हणजे समोरची बाजू जशीच्या तशी ठेवायची आणि फक्त खोली कमी करायची. फळीवर मांडलेल्या खोक्याची खोली समोरून दिसतच नाही. बाटलीच्या बाबतीत तळाचा आत गेलेला खळगा अधिक वर उचलला जातो किंवा कमरेजवळ ‘पकड चांगली बसावी म्हणून’ घेर आत घेतला जातो.

पिशवीतली सगळी हवा फसवणुकीची असते असे मात्र नाही. ठिसूळ पदार्थ वाहतुकीत मोडू नयेत म्हणून पिशवी फुगीर ठेवावी लागते, तेलकट पदार्थ खवट होऊ नये म्हणून तिच्यात नायट्रोजन भरला जातो, आणि भुकटी किंवा दाणेदार माल भरल्यानंतर हादऱ्यांनी खाली बसतो. अमेरिकेच्या अन्ननियमांत अशा रिकाम्या जागेची मान्य कारणे नेमकी दिलेली आहेत, आणि त्या कारणांत न बसणारी रिकामी जागा दिशाभूल करणारी मानली जाते. पिशवी तीच, हवा तीच, आणि वजन मात्र मागच्या वर्षीपेक्षा कमी, अशी स्थिती असेल तर हवेचे कारण पुरत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

जगभर गाजलेले एक उदाहरण येथे देणे योग्य ठरेल. २०१६ मध्ये टोब्लेरोन या त्रिकोणी दात्यांच्या चॉकलेटची ब्रिटनमधील ४०० ग्रॅमची पट्टी ३६० ग्रॅमवर आणि १७० ग्रॅमची १५० ग्रॅमवर आणली गेली, आणि त्यासाठी दात्यांमधले अंतर वाढवण्यात आले. दुसऱ्या बदलात वजन ११.८ टक्क्यांनी घटले, म्हणजे किंमत तीच धरल्यास दर १३.३ टक्क्यांनी वाढला. वस्तूचा आकारच तिची ओळख असल्याने बदल लगेच डोळ्यांत भरला, मोठी टीका झाली आणि २०१८ मध्ये जुना आकार परत आणला गेला. पावडर, द्रव किंवा दाणेदार वस्तूंना असा ओळखीचा आकार नसतो, म्हणून त्यांच्यातली घट कोणाच्या चर्चेत येत नाही.

हे प्रकार अपवादात्मक नाहीत. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार जानेवारी २०१२ ते जून २०१७ या काळात २,५२९ उत्पादनांचा आकार घटला आणि ६१४ उत्पादनांचा वाढला. महागाईच्या एकूण निर्देशांकावर याचा ठळक परिणाम दिसला नाही. साखर, जॅम, चॉकलेट, गोळ्या या गटात मात्र तो स्पष्ट दिसला. येथे हेही नोंदवायला हवे की, निर्देशांक काढणाऱ्या संस्था वजनातली घट किंमतवाढ म्हणूनच धरतात. त्यामुळे सरकारी महागाईच्या आकड्यातून ही वाढ निसटते, ही समजूत बरोबर नाही. निसटते ती ग्राहकाच्या नजरेतून.

कायद्याकडे वळताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. लेबलवर ५०० ग्रॅम छापून आत कमी भरणे हा वजनमापाचा गुन्हा आहे. ४५० ग्रॅम छापून ४५० भरणे हा नाही, भले काल त्याच पाकिटात ५०० असोत. पहिल्या बाबतीतले नियम फार काटेकोर असतात. युरोपीय पद्धतीत संपूर्ण तुकडीची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असून चालत नाही. ५०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची उणीव चालते, त्याहून अधिक उणीव फारच थोड्या पाकिटांत आणि ३० ग्रॅमपेक्षा अधिक कोणत्याही पाकिटात चालत नाही. जुनी यंत्रे इतकी अचूक नसल्याने कारखाने सुरक्षेसाठी थोडे जास्तच भरत असत. अचूक वजनयंत्रे आल्यावर ते जास्तीचे चार-दोन ग्रॅम बंद झाले. ही घट पूर्णपणे कायदेशीर आहे, लेबलवर तिची खूण उमटत नाही आणि कोणताही ग्राहक ती शोधू शकत नाही; मला तरी तीत गैर वाटत नाही, कारण ज्याचे पैसे दिले तेवढा माल मिळतो.

दुसऱ्या बाबतीत पूर्वी एक वेगळे संरक्षण होते. अनेक वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत, त्यामुळे ५०० चे ४६० करण्याची सोयच नसे. युरोपीय संघाने २००७ च्या निर्देशाने ही बंधने बहुतांशी उठवली आणि एप्रिल २००९ पासून वाइन व मद्ये वगळता बाकी बहुतेक वस्तूंचे आकार मोकळे झाले. भारतातही वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मधील ठरावीक वजनांची अनुसूची २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली, आणि त्याच दुरुस्तीने पाकिटावर प्रतिएकक विक्री किंमत छापणे आणले. युरोपात प्रतिएकक दर दाखवण्याचा निर्देश १९९८ चा आहे. या बदलांमागचा विचार एकच दिसतो : आकार मोकळे करायचे आणि त्याबदल्यात दर छापायचा. कागदावर हा सौदा ठीक आहे, परंतु त्यात राखण करण्याचे काम नियमाकडून ग्राहकाकडे आले आणि दर मात्र बहुतेक ठिकाणी इतक्या बारीक अक्षरांत छापला गेला की तो वाचण्यासाठी थांबणारा विरळाच.

ही उणीव भरण्यासाठी काही देशांनी बदल उघड करण्याची सक्ती केली आहे. ब्राझीलमध्ये असा नियम २००२ पासून आहे. तेथे घटलेले प्रमाण पाकिटावरच जाहीर करावे लागते, आणि आधी तीन महिन्यांची असलेली ही मुदत २०२१ मध्ये सहा महिन्यांवर नेण्यात आली. फ्रान्समध्ये कारफूर या साखळीने सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतःहून २६ उत्पादनांपाशी तशा सूचना लावल्या, आणि १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना वजन किती होते, किती झाले आणि दर किती वाढला याची सूचना दोन महिने लावणे बंधनकारक झाले. दक्षिण कोरियात ऑगस्ट २०२४ पासून ही जबाबदारी उत्पादकावर तीन महिन्यांसाठी आहे. मात्र पाच टक्क्यांपर्यंतची घट त्यातून वगळलेली आहे, आणि वर सांगितलेली टप्प्याटप्प्याची युक्ती लक्षात घेता ही सवलत मला मोठी फट वाटते. फ्रान्सने जबाबदारी विक्रेत्यावर टाकली, हेही मला पटत नाही. बदल कोणी केला हे उत्पादकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, आणि सूचना पाकिटावर असली तर ती छोट्या दुकानातही दिसते.

हा बदल व्यापाराच्या साखळीत कोणालाच नवा नसतो, याचा पुरावा पाकिटावरच असतो. बारकोड क्रमांकांचे नियमन करणाऱ्या जीएसवन या संस्थेच्या नियमानुसार छापील निव्वळ वजन बदलले की वस्तूला नवा क्रमांक द्यावा लागतो. म्हणजे गोदाम, दुकान आणि गल्ल्यावरचा संगणक या सर्वांच्या लेखी ती वेगळी वस्तू असते. तीच वस्तू समजतो तो एकटा ग्राहक. याचा एक उपद्रव असा की, किमतींचा इतिहास दाखवणारी अनेक साधने बारकोडवर चालतात, त्यामुळे आकार घटला की जुना इतिहास तुटतो आणि नवी वस्तू कोऱ्या पाटीने सुरू होते. उपयोग असा की, घरात जुने रिकामे पाकीट असेल तर दोन्हींचे क्रमांक ताडून पाहता येतात. क्रमांक वेगळा असणे हा घटीचा पुरावा नव्हे, कारण इतर कारणांनीही तो बदलतो; पण वेगळा दिसला तर वजन नक्की पाहावे.

ग्राहकाने करायचे काम तसे छोटे आहे. घरात नेमाने लागणाऱ्या आठ-दहा वस्तूंचे निव्वळ वजन, किंमत आणि किलोमागचा दर एकदा लिहून ठेवावा, कारण दुकानातला दर आजच्या वस्तूंची आपसांत तुलना करून देतो, कालची आठवण देत नाही. दर वाचताना एकक पाहावे. शेजारशेजारच्या दोन वस्तूंपैकी एकीचा दर १०० ग्रॅममागे आणि दुसरीचा किलोमागे दिलेला असला की डोळा सहज चुकतो. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते हे गृहीत धरू नये; एकाच वस्तूचा मधला आकार सर्वांत स्वस्त निघाल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे.

काही वस्तूंत दरही पुरेसा ठरत नाही. पाकात, तेलात किंवा खारवलेल्या पाण्यात ठेवलेल्या पदार्थांचे एकूण वजन तेच ठेवून घन भाग कमी करता येतो, म्हणून द्रव निथळल्यानंतरचे वजन छापलेले असेल तर हिशेब त्यावर करावा. कपडे धुण्याच्या पावडरीत आणि द्रवात किलोमागचा दर जवळजवळ निरर्थक असतो. एका धुलाईला किती पडते ते पाहावे लागते, आणि त्यातही एका धुलाईला सुचवलेली मात्रा बदलली आहे का हे तपासावे लागते. कागदी रुमाल आणि गुंडाळ्या यांत तुकड्यांची संख्या, प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी आणि थर या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे घटू शकतात. संख्या तीच ठेवून तुकडा एका बाजूने लहान करणे हा यातला नेहमीचा प्रकार आहे.

वजन आणि किंमत दोन्ही तसेच ठेवून आतला महाग घटक कमी करणे हा प्रकार सर्वांत अवघड, कारण दरात तो उमटतच नाही. बहुतेक देशांत घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे पूर्वी दुसऱ्या स्थानावर असलेला घटक चौथ्यावर गेला असेल तर बदल निश्चित झालेला असतो. वस्तूच्या नावातच ज्या घटकाचा उल्लेख असतो त्याची टक्केवारी अनेक ठिकाणी छापावी लागते. ती टक्केवारीही वजनाच्या शेजारी लिहून ठेवावी.

शेवटी ‘जास्त’ मिळणाऱ्या पाकिटांविषयी. १००० ग्रॅमचे पाकीट ८०० वर आणल्यावर काही काळाने ‘२५ टक्के जास्त’ असे ठळक छापून १००० ग्रॅमचे पाकीट पुन्हा बाजारात येऊ शकते आणि त्याची किंमत १०० ऐवजी १२० असू शकते. ‘२५ टक्के जास्त’ हे ८०० च्या तुलनेत खरेच असते, आणि दरही १२५ वरून १२० वर उतरलेला असतो, म्हणून ही सवलत तपासून पाहणाऱ्यालाही पटते. मूळ दर १०० होता हे कळायला वहीतली ८०० ग्रॅमच्या आधीची ओळ लागते. नवी नोंद करताना ती खोडू नये.